गुर्रेन लागान पाहून झाल्यावर

सांगली, रविवार

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

तू दिवाळीत लावून दिलेल्या 'तेंगेन तोप्पा गुर्रेन लागान' या जपानी अॅनिमेशन मालिकेचे सत्तावीसही भाग काल रात्री पाहून संपले. निघताना तू म्हणाला होतास की बाबा, डोके बाजूला ठेवून पाहा. ते मला जमले नाही, आणि खरे सांगायचे तर तशी गरजही पडली नाही.

हे लिहिणारा माणूस रंगभूमीवरचा असावा, अशी शंका मला पहिल्याच भागात आली. जमिनीखालच्या गावातून वर पडणाऱ्या पोरांचा म्होरक्या कामिना बोलायला उभा राहिला की त्याचा आवाज थेट शेवटच्या रांगेपर्यंत जातो. नंतर शोधले तेव्हा कळले की लेखक काझुकी नाकाशिमा हे गेकिदान शिनकान्सेन या नाटकमंडळीचे नाटककार आहेत. टाळीचे वाक्य घ्यायचे तर त्याआधी आवाज खाली आणावा लागतो, हे राज्य नाट्य स्पर्धेत तोंडाला रंग लावलेल्या माणसाला कुणी शिकवावे लागत नाही. गायनॅक्सच्या २००७ सालच्या या मालिकेत दिग्दर्शक हिरोयुकी इमाइशी यांनी तो नेमक्या जागी खाली आणला आहे. लागान म्हणजे यंत्रमानवाचे नुसते मुंडके. ते वरून गुर्रेन या मोठ्या यंत्रमानवाच्या डोक्यात खुपसतात आणि झाली म्हणे जोडणी! मी इतक्या मोठ्याने हसलो की तुझी आई स्वयंपाकघरातून पाहायला आली. पण हे सारे बेफाम चाललेले असताना आठव्या भागात कामिना मरतो, आणि त्याला 'अनिकी', म्हणजे आपल्याकडे दादा म्हणतात तसे म्हणणारा, गिरमिटाने बोगदे खोदणारा पोरगा सिमोन तो गेल्यावर वेड्यासारखा त्याच्या मूर्ती कोरीत सुटतो. या आरडाओरड्याची किंमत कुणीतरी मोजतो आहे हे तिथे दिसते, म्हणून तो आरडाओरडा खरा वाटतो.

सतराव्या भागापासूनचा सात वर्षांनंतरचा टप्पा तुला रटाळ वाटला, सिमोनचा साथीदार रोस्यू याचा तर तुला रागच आला. माझे मत याच्या अगदी उलट आहे. पाचवा भाग आठव. रोस्यूच्या भूमिगत गावात पन्नासांवर माणसे ठेवायची नाहीत असा दंडक आहे. जास्तीच्यांना चिठ्ठ्या टाकून वर धाडायचे, आणि हे ज्या ग्रंथाच्या नावाने चालते तो ग्रंथ पुजाऱ्यालाच वाचता येत नाही. पुढे पृथ्वीच्या पाठीवरील माणसे दहा लाख झाली की अँटी-स्पायरल या शत्रूच्या योजनेनुसार चंद्र पृथ्वीवर कोसळू लागतो, आणि राज्यकारभार हाकणारा रोस्यू तेच जुने गणित पुन्हा मांडतो: थोडे अवकाशयानात घ्यायचे, बाकीचे सोडायचे, आणि लोकांचा संताप शमवायला सिमोनला तुरुंगात टाकायचे. आधी राज्य करणाऱ्या ज्या लॉर्डजिनोम राजाला आपण राक्षस समजत होतो, त्यानेही माणसांना जमिनीखाली कोंडले ते याच भीतीने, हे तोवर आपल्याला कळलेले असते. इच्छाशक्तीने गिरमिट हवे तेवढे मोठे होते, हे या मालिकेचे तत्त्वज्ञान. त्याला तोलामोलाचे उत्तर एवढ्या एकाच जागी मिळते.

त्या शत्रूशी होणारे शेवटचे युद्ध मात्र मला हलके वाटले. दोन्ही बाजू एकमेकांवर आकाशगंगा फेकू लागल्या की आकाराला अर्थ उरत नाही, आणि प्रत्येक पेच आणखी जोराने ओरडून सुटतो, हे तिसऱ्या वेळी ध्यानात येते. सिमोनची नवरी निया लग्नाच्या वेदीवर विरून जाते आणि सिमोन तिला परत आणू पाहत नाही, तेवढ्याने शेवट सावरला. चौथ्या भागातल्या निराळ्या चित्रशैलीबद्दल तू फार तक्रार केलीस. मला ती एवढी खुपली नाही.

एक गोष्ट मात्र मला मुळीच पटली नाही, ती म्हणजे कामिना-सिमोनची साथीदार योको हिच्याकडे पाहण्याची कॅमेऱ्याची नजर. सुरुवातीला ती चौदा वर्षांची पोर आहे. बंदूक चालवणारी, संकटात डोके शांत ठेवणारी, पुढे बेटावर मुलांना शिकवणारी अशी उत्तम व्यक्तिरेखा हाती असताना तिला तसल्या कपड्यांत उभी करून कॅमेरा जिथे रेंगाळतो, त्याला विनोद म्हणून माफी देता येत नाही. गरम पाण्याच्या झऱ्यांचा सहावा भाग लागला तेव्हा मीच तो पुढे सरकवला.

नाताळच्या सुट्टीत येशील तेव्हा सतराव्या भागापासून पुन्हा लावू. रोस्यू स्वतःवर पिस्तूल रोखतो आणि सिमोन येऊन त्याला ठोसा लगावतो, तो प्रसंग तुझ्या शेजारी बसून पाहायचा आहे. आईने चकल्या वेगळ्या काढून ठेवल्या आहेत.

तुझा,
बाबा