कॉफीतील भाजक्या दाण्यांचा गोडवा

सोलापूर

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. कॉफीच्या पाकिटावर ‘बदाम, हेझलनट, गूळ’ असे छापलेले पाहून तिच्यात वरून अर्क मिसळला असावा, अशी शंका तुला आली आहे. स्पेशालिटी, म्हणजे निवडक उंची दर्जाच्या कॉफीच्या पाकिटावरील अशा नोंदी म्हणजे चाखणाऱ्यांनी कपात ओळखलेले स्वाद असतात. बियांमध्ये दुसरे काहीही घातलेले नसते. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

कॉफीच्या कच्च्या बीला बदामाचा वास मुळीच नसतो. ती हिरवट आणि गवतासारखी लागते. हा स्वाद भट्टीत तयार होतो. उष्णता वाढली की बीमधील शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्यात एक रासायनिक क्रिया सुरू होते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिच्यातून निर्माण होणारी पायराझिन गटातील संयुगे भाजक्या दाण्यांचा वास देतात. आपल्या घरी शेंगा चटणीसाठी मंद आचेवर दाणे भाजताना, त्यांची फोलपटे सुटू लागून अंगावर तांबूस डाग पडू लागले की जो वास माजघरापर्यंत जातो, त्यातही हीच संयुगे असतात. त्यामुळे आपल्या सोलापूरच्या माणसाला हा स्वाद ओळखायला कोणी शिकवावे लागत नाही, असे माझे ठाम मत आहे.

गोडव्याची गोष्ट याहून नवलाची आहे. अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन मुख्य जाती. कच्च्या अरेबिकात वजनाच्या साधारण ६ ते ९ टक्के सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर असते, रोबस्टात त्याहून बरेच कमी. पण भाजताना त्यातले बहुतेक सगळे खर्ची पडते आणि कपात साखर जवळजवळ उरतच नाही. तरीही कॉफी गोड वाटते, कारण कॅरॅमलसारखे आणि भाजक्या दाण्यांचे वास आपण आयुष्यभर गोड पदार्थांसोबतच घेतलेले असतात.

खरी कसोटी भाजणाऱ्याची असते. १९६ अंश सेल्सिअसच्या आसपास बी पहिल्यांदा तडकते. त्यानंतर फार लवकर थांबले तर चव कच्च्या दाण्यासारखी आणि धान्यासारखी राहते. फार रेंगाळले तर गोडवा जळून नुसता कडवटपणा उरतो. जाणकारांत हल्ली संत्रे, जांभूळ, फुले अशा स्वादांचे कौतुक अधिक होते आणि दाण्यांच्या स्वादाला साधे ठरवले जाते. हे मला अन्यायाचे वाटते, कारण आंबटपणाच्या आधाराशिवाय स्वच्छ, गोड कप जमवायला भाजणाऱ्याचा हात फार स्थिर असावा लागतो.

ब्राझीलच्या कॉफ्या या स्वादासाठी प्रसिद्ध आहेतच, पण तू चिकमगळूरपासून सुरुवात कर. तिकडच्या बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रात तयार झालेली एस. ७९५ ही अरेबिका मध्यम भाजलेली मिळाली, तर आवर्जून घे. चिकोरी (एका वनस्पतीचे भाजून दळलेले मूळ) मिसळलेली पूड मात्र घेऊ नकोस. चिकोरीचा स्वतःचा भाजका, कडसर स्वाद या नाजूक चवीवर स्वार होतो.

१५ ग्रॅम पुडीला साधारण २४० मिलिलिटर पाणी घे आणि ते उकळल्यावर अर्धा मिनिट थांबून मग ओत. आपल्याकडचे बोअरचे जड पाणी वापरू नकोस, कारण त्यातील बायकार्बोनेट कॉफीची आम्ले मारून टाकतात आणि कप मिळमिळीत होतो. गाळलेले, हलके पाणी घे. दूध-साखरेला माझा विरोध नाही, उलट ही चव दुधातही चांगली टिकते. पण पहिला कप कोराच पी आणि घाई करू नकोस: कढत असताना फक्त भाजल्याचा वास कळतो, गोडवा कप कोमट होऊ लागल्यावर पुढे येतो.

पाकिटावर भाजल्याची तारीख असेल, ती मला कळव. कॉफी दोन-तीन महिन्यांपूर्वी भाजलेली असेल, तर तिच्यावरून या स्वादाबद्दल मत बनवू नकोस. मी इथून ताजी पाठवतो.

घरी सर्वांना नमस्कार.

तुझा मित्र