बाबा, सर्व्हिस बुक मिटा आता

पुणे, रविवार संध्याकाळ

प्रिय आई-बाबा,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

आई फोनवर म्हणाली, पाळकसाहेब घरी येऊन प्रभुभोजनाची भाकर नि प्याला देतो म्हणत होते आणि बाबांनीच नको म्हटलं. कारण काय, तर "मंडळीत पाय ठेवला नाही इतक्यात, देवाचं एक काम हातून होऊन नाही राहिलं, कोणत्या तोंडानं घेऊ?" बाबा, फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून लिहिते आहे.

तुमची सेवा मी लहानपणापासून पाहिली आहे. भक्तीच्या आधी जाऊन बाकं पुसायची, दानाचा हिशेब पैशापैशानं जुळवायचा, जरीपटक्याच्या कबरस्तानात मे महिन्याच्या उन्हातही शेवटपर्यंत उभं राहायचं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलला सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा शाळकरी पोर असताना तुम्ही लोकांना पाणी वाटलं, हे तर आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. (सांगताना दर वेळी घागरी वाढतात, आई साक्षीला आहे.) हे सगळं खरं आणि चांगलंच. पण ऑफिस सुटलं तरी तुमचं सर्व्हिस बुक सुटलं नाही. इतकी वर्षं सेवा, आता गुडघ्याच्या ऑपरेशनपायी बिनपगारी रजा, म्हणजे देवाकडूनही कपात होणार! बायबलात पौल रोमकरांना लिहितो ते आठवा. काम करणाऱ्याला मिळते ती मजुरी, ती त्याचं येणंच असतं. देव देतो ते त्या खात्यात बसतच नाही.

मला नवल याचं वाटतं की दुसऱ्याच्या बाबतीत तुम्हाला हे लगेच पटतं. आपल्या मागच्या गल्लीतला तो दारू सोडून परत आलेला दादा पहिल्या रविवारी दारातच घुटमळत होता, तेव्हा तुम्हीच त्याच्या खांद्यावर हात ठेवून आत आणलं. आधी वर्षभर नीट वागून दाखव, असं म्हणाला नाहीत. मग स्वतःलाच ही अट का?

तुम्ही करिंथकरांचं पत्र काढाल हे मला माहीत आहे. अयोग्य प्रकारे भाकर खाऊ नये, प्याला पिऊ नये, असं पौल बजावतोच. पण तो रागावला होता कोणावर? खात्यापित्या घरचे लोक आधी जेवून घेत होते, कोणी पिऊन तर्र होत होता आणि गरीब भाऊबंद उपाशी राहत होते, त्यांच्यावर. ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्या माणसावर नाही. आणि पहिल्या प्रभुभोजनाला बसलं होतं कोण? त्याच रात्री प्रभूला तीनदा नाकारणारा त्याचा शिष्य पेत्र, आणि पकडायला लोक आल्यावर पळून गेलेले बाकीचे. प्रभूला हे ठाऊक होतं, तरी भाकर त्यांच्याच हाती दिली.

पेत्राचं मला हल्ली फार वाटतं. प्रभू पाय धुवायला वाकला तर हा म्हणतो, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. ऐकायला किती नम्र! पण मला त्यात नम्रतेपेक्षा ताठाच जास्त दिसतो. देणारा व्हायला माणूस तयार असतो, घेणारा व्हायला लाजतो. प्रभूचं उत्तर सरळ आहे: मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. बाबा, आई तुमचे पाय बादलीत घालून धुते तेव्हा तुम्ही म्हणे भिंतीकडे तोंड करून बसता. सतत "राहू दे, राहू दे" म्हणता. बसा की तिच्याकडे पाहून.

आई, तू हसू नकोस, तुझंही तेच आहे. उपवासकाळात एक दिवस जेवलीस तर आठवडाभर चुटपुट. तुझ्या लाडक्या पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण त्यांनीच लिहून ठेवलंय की आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडायचा राहिला. एवढ्या विद्वान बाईला वेळ लागला. मग पुढे त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये निराधार बायका-मुलींसाठी जे काम उभं केलं ते काय थोडं होतं? कृपा मिळाल्यावर माणूस हातावर हात ठेवून बसतो, असं बाबांनी म्हणू नये एवढ्यासाठी सांगते. फक्त ते काम कृपेची किंमत चुकवायला नव्हतं.

तर पाळकसाहेबांना मीच फोन केला आहे. गुरुवारी अकराला येतील. रागावायचं तर माझ्यावर रागवा, त्यांच्यावर नको. आई, चहाबरोबर काही करत बसू नकोस, बिस्किटं पुरे. आणि बाबा, छोटीला नाताळासाठी एक मराठी गीत बसवायचं आहे, पुण्याच्या सरांची चाल तिला जमत नाहीये. शनिवारी व्हिडिओ कॉल लावते, हार्मोनियम तेवढी पलंगाजवळ आणून घ्या.

तुमची लेक