चोथा फेकू नकोस

सातारा,
रविवार, दुपार

प्रिय मंदा,

परवा फोनवर म्हणालीस, "सध्या चहावरच दिवस ढकलतेय." आणि त्याच दमात, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही म्हणून रडगाणं! फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र.

सासूबाईंच्या आजारपणात तुझी होणारी ओढाताण मला दिसते आहे. चहा सोड असं मी सांगणार नाही, माझ्या तोंडी ते शोभायचंही नाही. चहानं मन निवतं हे खरंच आहे. त्याच्या पानात कॅफिनसोबत थिअनिन नावाचं द्रव्य असतं, जपानी शास्त्रज्ञांनी ते १९४९ साली चहातूनच वेगळं काढलं. कॅफिन जागं ठेवतं, थिअनिन त्याची धार जरा बोथट करतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजनं ७५ पुरुषांवर केलेला, २००७ साली छापून आलेला प्रयोगही मी वाचला. सहा आठवडे काळा चहा पिणाऱ्यांना मुद्दाम ताण दिला, तर पन्नास मिनिटांत त्यांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताण आला की रक्तात वाढणारं संप्रेरक, ४७ टक्क्यांनी उतरलं. चहासारखं दिसणारं दुसरंच पेय प्यायलेल्यांचं २७ टक्क्यांनी. (पुरुषांचीच का निवड केली, देव जाणे. ताण काय त्यांनाच असतो?)

पण ते तुझ्यासारखे दिवसाला आठ कप, तेही उभ्या उभ्या, पीत नसावेत. कॅफिनचा निम्मा भाग पाचेक तास अंगात रेंगाळतो. संध्याकाळी सातचा चहा रात्री बाराला तुझ्याबरोबर जागाच असतो, गं. चारनंतर गवती चहाची दोन पाती आणि आल्याचा तुकडा उकळून पी. नावात चहा असला तरी त्यात कॅफिन नाही. आणि बसून पी. पातेल्यात फेस वर येईपर्यंत मी गॅसजवळून हलत नाही, ती पाच मिनिटं माझी. मला वाटतं, निम्मी शांतता तिथंच मिळते.

दुसरं, जेवणावर लगेच चहा घेऊ नकोस. हिमोग्लोबिन ९ वर आलंय म्हणालीस ना? मी केसांना लावायची मेंदी लोखंडी कढईत, कोऱ्या चहाच्या पाण्यात रात्रभर भिजवते. सकाळी कढईच्या कडेनं शाईसारखी काळी रेघ उमटलेली असते. चहातलं टॅनिन लोखंडाला असं धरून बसतं. पालेभाजीतलं, हळिवाच्या लाडवातलं लोह पोटात गेलं की तिथंही टॅनिन त्याला असंच धरतं आणि ते अंगी लागत नाही. मेंदीला हे चांगलं, तुला नाही. जेवण आणि चहा यांत तासभर तरी जाऊ दे.

आता चोथ्याचं. तू तो सिंकमध्ये ओततेस आणि मग मोरी तुंबली म्हणून कुरकुरतेस. मी काय केलं होतं आठवतं? दुधा-साखरेचा चोथा तसाच गुलाबाच्या कुंडीत घातला. आठवड्यात मुंग्यांची रांग लागली, वर पांढरी बुरशी चढली आणि माझ्या सासूबाई म्हणाल्या, "गुलाबाला चहा पाजलास, आता बिस्किटंही दे!" तेव्हापासून गाळणीतला चोथा नळाखाली चोळून तीनदा धुते, साखर-दुधाचा चिकटपणा पार गेला पाहिजे. मग जुन्या सुपात पसरून गच्चीवर वाळवते. कडक वाळला की मूठभर कुंडीतल्या मातीत मिसळते. थोडा वाटीत भरून फ्रिजमध्ये ठेवते, कालच्या सुक्या बोंबलाचा वासदेखील कमी झाला. छोले शिजवताना मात्र चोथा नको, नवी पत्ती मलमलच्या पुरचुंडीत बांधून कुकरमध्ये टाक. रंग असा येतो की पाहुणे विचारतात.

तुला हे सगळं आत्ता कशाला सांगतेय? तर परवा तूच म्हणालीस, आईंना झोप लागली की हात रिकामे होतात आणि डोकं भरून येतं. चोथा धुवायला दहा मिनिटं लागतात.

गुरुवारच्या गाडीनं मी बडोद्याला येतेय. गवती चहाचं ठोंब ओल्या फडक्यात गुंडाळून आणते, मागच्या दाराशी रिकामी कुंडी तयार ठेव. आईंना नमस्कार सांग.

तुझी,
शैला