बंड्याची केबल

खणभाग, सांगली
रविवार

प्रिय दिग्या,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीत तुझे दोन फोन येऊन गेले आणि मी एकदाही उलटा फोन केला नाही. कारण काहीच नव्हतं. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता संक्रांत झाली. तू रागावला असशील, आणि ते बरोबरच आहे. पण आता जे सांगायचंय ते फोनवर सांगायला गेलो तर तू मध्येच तोंड घालशील आणि माझं राहून जाईल, म्हणून कागद घेऊन बसलोय. इकडं सगळं ठीक. आईला 86 पूर्ण झाली, ऐकायला कमी येतं. माझा गुडघा आहे तसाच.

मागच्या मंगळवारी संध्याकाळी आईची मालिका चालू होती आणि एकदम चित्र गेलं. पडद्यावर अक्षरं आली, रिचार्ज संपला म्हणून. आईला ती वाचता येईनात. तिनं मला हाक मारली आणि म्हणाली, "अरे, बंड्याला काही झालं का बघ जा."

तुला आठवत असेल, टीव्हीवर मुंग्या आल्या की अख्खी गल्ली बंड्याच्या नावानं ओरडायची. आईच्या डोक्यात अजून तेच आहे. चित्र गेलं म्हणजे वायर तुटली असेल, बॉक्स बिघडला असेल, असलं काही तिच्या मनात येत नाही. बंड्या आहे तोवर चित्र आहे.

बंड्याला काही झालं नव्हतं. मी पैसे भरले नव्हते. पूर्वी तो लाल वही काखेत मारून महिन्याच्या पाच-सहा तारखेला यायचा, चहा घ्यायचा, पैसे नसले तर "राहू दे, पुढच्या महिन्यात एकदम दे" म्हणायचा. आता महिना भरला की बॉक्स वरूनच बंद होतो. वही गेली आणि उधारीही गेली. आणि दिग्या, मी विसरलो होतो असंही नाही. तीन दिवस टाळत होतो. आमच्या पॅकेजचे आता 420 झालेत. कारखान्याच्या नोकरीची पीएफची पेन्शन तुला माहीत आहे, 2340. त्या योजनेतली किमान पेन्शन 2014 पासून 1000 वर बसलीय, आमच्यासारख्यांची त्याच्या वर, पण तीही तशीच बसलेली. केबलचे वर्षाला 5040 होतात, म्हणजे दोन महिन्यांची पेन्शन देऊनही वर थोडे घालावे लागतात. आईची बीपीची गोळी, गॅस, लाइटबिल यातलं काही थांबवता येत नाही. थांबवण्यासारखं घरात हे एकच आहे.

पोरगा पुण्याहून सांगतो, बाबा, ते काढून टाका, इंटरनेट घ्या, सगळं त्यावर दिसतं. त्याचं म्हणणं खोटं नाही. पण आईला चॅनेलचे आकडे पाठ आहेत. रिमोट न बघता अंधारात दाबते. मध्ये एकदा कंपनीनं आकडे बदलले तर दोन दिवस तिनं टीव्ही लावला नाही, घर बदलल्यासारखं वाटतंय म्हणाली. तिला इंटरनेटवर शोधायला कोण शिकवणार?

आणि बिनपैशाची सरकारी छत्री आहेच, फ्री डिश. दीड-दोन हजार एकदा घातले की महिन्याला काही नाही. आग्नेयेकडं तोंड करून गच्चीवर लावायची, झालं. आमच्या गल्लीत चार जणांनी लावलीय. त्यावर सह्याद्री दिसतं, बातम्या दिसतात, माझं त्यात भागेल. पण आई रात्री बघते त्यातलं काही त्यावर नाही, मी समोरच्यांकडं जाऊन बघून आलो.

मध्येच सांगतो, 2 नोव्हेंबरला तू कुठं होतास? आपल्या पोरींनी वर्ल्ड कप जिंकला त्या रात्री? स्मृती मानधना इथं माधवनगरला वाढली, त्यामुळं सांगलीला तो सामना घरचा होता. ज्यांनी ज्यांनी केबल काढलीय ते सगळे आमच्याकडं. सोप्यात पाय ठेवायला जागा नाही. कोपऱ्यात एक पोरगा मोबाइलवर बघत बसला होता, आणि विकेट पडली की आम्ही सगळे ओरडायचो आणि तो एकटा अर्ध्या मिनिटानं ओरडायचा. इंटरनेटवर चित्र उशिरा येतं ना! आफ्रिकेची शेवटची विकेट पडली तेव्हा आई त्याला म्हणाली, "बाळा, तू अजून मागच्याच गावात आहेस का?" इतकं हसलो रे. तू पाहिजे होतास.

तर बुधवारी सकाळी बंड्याकडं गेलो. कनेक्शन काढ म्हणून सांगायलाच गेलो होतो, खोटं कशाला बोलू. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला हिशेबही करून नेला होता. कंट्रोल रूम तीच, जिन्याखालची. आत आता जुन्या बॉक्सचा ढीग आहे, लोकांनी परत आणून दिलेले. सहाशे घरं होती त्याची, त्यातली 140 राहिलीत. पोरगा ठेवलेला सोडून गेला. 60 पार करून बंड्या स्वतः शिडी खांद्यावर घेऊन फिरतो. तेवढ्यावर भागत नाही म्हणून इंटरनेटची जोडणीही तोच विकतो आता, कमिशनवर.

मी 420 चा विषय काढला. तो काही बोलला नाही. पावतीपुस्तक उलटं केलं आणि लिहायला लागला. 130 नुसत्या जोडणीचे. त्यावर 18 टक्के जीएसटी, झाले 153.40. त्यातच दूरदर्शनची सगळी आणि फुकटची बरीच चॅनेल येतात. पैशाचं चॅनेल महाग म्हणजे किती, तर पॅकेजात बसणारं जास्तीत जास्त 19 चं, कर धरून 22.42. "आई किती बघते?" म्हणाला. मी म्हटलं, तीन. तीन गुणिले 22.42, 67.26. बेरीज करून कागद माझ्यापुढं सरकवला. 220.66.

मी म्हटलं, हे काय?

म्हणाला, "पॅकेज सोड, निवडून घे. इतक्यात बसतं. नियमच आहे तसा."

"कधीपासून?"

"2019 च्या फेब्रुवारीपासून."

दिग्या, सात वर्षं. सात वर्षं मी पॅकेजचे पैसे भरतोय, आणि हा माणूस, ज्याच्या घरी आपण जेवलो, ज्याच्या आईला आपण दोघांनी खांदा दिला, तो एका शब्दानं बोलला नाही. पॅकेजमध्ये त्याला चार पैसे जास्त सुटतात, हे त्यानंच सांगितलं. नुसत्या जोडणीत काय राहतं तेही सांगितलं. वेगळा करार नसेल तर 130 मधले 55 टक्के वरच्या, सिग्नल देणाऱ्या कंपनीचे, 45 टक्के याचे. साडेअठ्ठावन्न रुपये. त्यात खांब, वीज, फायबर तुटली तर जोडणं, सगळं. वर 2024 च्या जुलैत ट्रायनं, म्हणजे केबलचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेनं, 130 ची मर्यादाही काढून टाकली. आमच्याकडं अजून तोच दर चालू आहे, पण उद्या वाढवला तर कुणी विचारू शकत नाही, आणि वाढवला तर शिव्या बंड्यालाच. हे सगळं मला कळत होतं. तरी राग गेला नाही. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

तो माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाला, "तू विचारलं नाहीस. आणि पैसे काढताना तुम्ही दोघांनी मला कुठं सांगितलं होतं?"

बत्तीस वर्षांत त्यानं हे वाक्य कधी काढलं नव्हतं. तुझ्यापाशी काढलं होतं का?

मी तिथं बसून राहिलो. किल्लारीचा भूकंप झाला त्या सालचा उन्हाळा डोळ्यासमोर आला. आपण तिघं, दोरीला दगड बांधून रस्त्याच्या पलीकडं फेकायचा आणि दोरीमागून वायर ओढायची. मारवाड्याच्या दुकानावरचं कौल फुटलं तो दगड तूच मारलास हं, अजून माझं नाव सांगत फिरतोस ते बंद कर. गच्चीवर ती बारा फुटी छत्री, तिच्यात पावसाचं पाणी साठायचं आणि कावळे अंघोळ करायचे. करमणूक कराची माणसं जोडण्या मोजायला आली की तू मेव्हण्याच्या लग्नाची पत्रिका घेऊन त्यांना चहाला न्यायचास, आणि तुला मेव्हणाच नव्हता. तिघांचे सहा-सहा हजार. वही तेव्हाच घेतली होती, लाल बांधणीची, बोळातल्या दुकानातून.

आता तुला एक सांगायचंय, आणि त्यासाठीच हे पत्र आहे. मी आजवर सगळ्यांना सांगत आलो की दिग्यानं ताईच्या लग्नासाठी पैसे काढले, धंदा मोडणार असं दिसलं, म्हणून मग मीही काढले. तुझ्या तोंडावरही म्हणालोय, गणपतीत, मिरजेच्या स्टेशनवर, तू तेव्हा गाडीत न बसता परत फिरला होतास. ते तसं नाही. कारखान्यातून कायम केल्याचा कागद मला तू पैसे काढायच्या आधी आठ दिवस मिळाला होता. मी त्याच रात्री ठरवलं होतं. फक्त सांगायचा धीर नव्हता. तू काढलेस आणि मला आयती सबब मिळाली. बंड्यानं आपले बारा हजार परत करायला त्याच्या आईच्या पाटल्या मोडल्या, ते आपल्याला नंतर कळलं. तुझ्याकडं तरी कारण होतं. मी ते माझ्या अंगावर कधी घेतलं नाही, आणि सगळं तुझ्यावर राहू दिलं. मला माफ कर.

त्यानंतर एकही महिना केबल चुकवली नाही मी. बॉक्स घ्यायची सक्ती झाली, 2015 संपताना, तेव्हा पहिला बॉक्स मी घेतला. 2019 चा पूर तुला माहीत आहे, आयर्विन पुलापाशी साडेसत्तावन्न फूट पाणी. बंड्याची कंट्रोल रूम छतापर्यंत बुडाली, सगळे अ‍ॅम्प्लिफायर गाळात. गणपती बसायच्या आत त्यानं आमच्या गल्लीला चित्र आणलं आणि ऑगस्टचे पैसे कुणाकडून घेतले नाहीत. मी द्यायला गेलो तर म्हणाला, चित्रच नव्हतं तर पैसे कसले? पण ह्याच माणसानं त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत मला पॅकेजात बसवलं होतं. दोन्ही खरंच आहे. मला त्याची संगती लागत नाही. तुला लागली तर लिही.

उठताना मी कनेक्शन काढ म्हटलं नाही आणि राहू दे असंही म्हटलं नाही. दारापर्यंत आलो तर तो मोबाइलवर काहीतरी करत होता. मान वर न करता म्हणाला, "घरी जा. आईची मालिका दुपारी परत लागते, काल राहिलेली बघू दे तिला." घरी आलो तर चित्र आलं होतं. त्यानं त्याच्या खिशातून भरले. 420 च भरले, 220 नाही. म्हणजे आता मी त्याचा देणेकरी आहे, आणि पुढच्या महिन्याच्या 20 पर्यंत बॉक्स चालू आहे.

तोवर मला ठरवायचंय. निवडून घेतलं तर माझे दोनशे वाचतात आणि त्याचे साडेअठ्ठावन्न राहतात, हे हिशेबाला बरोबर आहे, आणि बहुतेक मी तेच करीन. छत्री मी लावणार नाही, आई आहे तोवर तर नाहीच. पण निवडीचा कागद घेऊन त्याच्यापुढं जायचं कसं? तो म्हणेल, बघ, पुन्हा काढून घेतलेस. म्हणणार नाही कदाचित. पण मला ऐकू येईल.

वहिनींचा मोतीबिंदू झाला का? दोन्ही डोळे का एकच? नात आता चालत असेल. तू डोंबिवली सोडून बदलापूरला जाणार होतास त्याचं काय झालं, कर्ज घेऊ नकोस या वयात. तुझी शुगर किती आहे ते खरं लिही.

आणि एक काम कर. बंड्याला फोन कर. मी पत्र लिहिलंय हे सांगू नकोस, नुसता कर. नंबर तोच आहे, शेवटी 45. संध्याकाळी सातनंतर कर, त्याआधी तो शिडीवर असतो.

आई तुला आशीर्वाद सांगते.

तुझा,
आप्पा

ता. क. – भडंग पाठवतोय, समोरच्यांचा मुलगा शुक्रवारी ठाण्याला येतोय त्याच्याबरोबर. वेगळी पुडी आहे ती बिनमिरचीची, वहिनींसाठी. तू ती खाऊ नकोस.