ध्येयाच्या पारखीला तीस तास द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दहावी-बारावीचे निकाल जवळ आले की नाशिकच्या कॉलेज रोड आणि गंगापूर रोड परिसरात 'आयुष्याचे ध्येय शोधा' अशा शिबिरांचे फलक दिसू लागतात. दोन तासांचे भाषण, टाळ्या, डोळे मिटून 'दहा वर्षांनी मी कुठे असेन' याची कल्पना आणि शेवटी कागदावर लिहून घेतलेले एक वाक्य. ते वाक्य पंधरा दिवसांत विरून जाते. यात मुलांचा दोष नाही. जे काम कधी हाताने केलेलेच नाही, त्याबद्दल मनाला स्वतःचे काही सांगता येत नाही. मग मन ऐकलेलेच परत सांगते: डॉक्टर, इंजिनिअर, कलेक्टर. आम्ही व्यवसाय मार्गदर्शन करणारे काही निवृत्त शिक्षक आहोत. या शोधात प्रत्यक्ष काय करावे लागते आणि ते कुठे फसते, हे आपल्या वाचकांपुढे ठेवावे म्हणून हे पत्र.

आधी पैसे कुठे घालवू नयेत ते सांगतो. बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी आणि करिअर सांगणाऱ्या चाचण्या अजूनही विकल्या जातात. बोटांवरच्या रेषा गर्भातच तयार होतात. मूल चित्रकार होईल की वकील, हे त्यांतून कळण्याला कोणताही शास्त्रीय आधार नाही. दुसरी गोष्ट चार वर्तुळांच्या आकृतीची. आवडते काम, जमणारे काम, जगाला हवे असलेले काम आणि पैसे देणारे काम, या चौघांच्या मध्यावर 'इकिगाई' असे दाखवले जाते. ही आकृती मूळची जपानी नाही. एका ब्रिटिश ब्लॉगलेखकाने २०१४ साली दुसऱ्याच कुणाच्या आकृतीत हा शब्द बसवला. जपानी माणूस सकाळच्या फेरफटक्याला, नातवंडांना किंवा कुंडीतल्या रोपालाही इकिगाई म्हणू शकतो. चारही वर्तुळे एकाच नोकरीत जुळली पाहिजेत असा हट्ट धरला की चांगली भली माणसे स्वतःला अपयशी समजू लागतात. कल चाचणी मात्र उपयोगाची आहे, पण ती ओढ कुठे आहे एवढेच सांगते. क्षमता मोजणारी अभिक्षमता चाचणी वेगळी असते. दोन्हींचे निकाल शेजारी ठेवून समजावणारा माणूस नसेल, तर अहवालाची जाडजूड फाईल कपाटातच राहते.

सुरुवात शंभर पानी वहीने करावी. तीन आठवडे, रोज रात्री दहा मिनिटे. दिवसभरातली चार-पाच कामे लिहायची. प्रत्येकापुढे किती वेळ गेला, ते कुणाच्या उपयोगी पडले आणि नंतर अंगात उत्साह वाढला की ओसरला, हे उणे दोन ते अधिक दोन अशा आकड्यांत नोंदवायचे. एका आठवड्यावर भागवू नये. एखादे लग्न, ताप किंवा परीक्षा मध्ये आली की सगळे आकडे तिरके होतात. यात नेमकी चूक होते ती मोबाईलची. रात्री लिहिताना रील पाहिल्याचा तासही 'अधिक दोन' वाटतो. म्हणून आकडा दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा भरावा. सकाळी टिकलेला आकडा खरा. आणि 'अभ्यास' किंवा 'ऑफिस' असे मोघम लिहू नये. हिशेब जुळवला, धाकट्या भावाला अपूर्णांक शिकवले, ग्राहकाची तक्रार ऐकून घेतली, असे क्रियापदासह लिहावे. तीन आठवड्यांनी विषयांपेक्षा क्रियापदेच बोलू लागतात: समजावणे, जुळवणे, दुरुस्त करणे, राखणे. एका क्रियापदाला दहा व्यवसाय चालतात, एवढे कळले तरी मुलाच्या आणि पालकांच्या छातीवरचे ओझे बरेच उतरते.

वहीतून तीन कामे निवडावीत. त्यांतले एक असे असावे, ज्याचा विचार घरात कधीच झालेला नाही. मग प्रत्येकाला तीस तास. शनिवार-रविवार तीन-तीन तास धरले तर पाच आठवडे लागतात. पहिले आठ-दहा तास नवलाईचे असतात, तेव्हा सगळेच गोड लागते. त्यानंतर हात अडखळतात आणि कंटाळा येतो. या दोन्हींतून पलीकडे गेल्याशिवाय निर्णय घेऊ नये. खर्चाची मर्यादा हजार रुपये. छायाचित्रण आजमावायला आधी कॅमेरा विकत घेणे ही सर्वात महागडी चूक. हप्ते चालू राहतात म्हणून मग नावडते कामही आवडते असे स्वतःला पटवले जाते. शेवटच्या पाच तासांत काहीतरी पूर्ण करून खऱ्या माणसाच्या हाती द्यावे.

पारख करायची ती कामातल्या रुक्ष भागाची. द्राक्षशेतीत उतरायचे मनात असेल तर फेब्रुवारीत पिकलेले घड पाहून उपयोग नाही. निफाड-दिंडोरीकडे फळ धरण्यासाठी होणाऱ्या गोडी छाटणीच्या दिवसांत जावे, पुन्हा विरळणीला जावे, हात वर करून दिवसभर मणी कमी करावेत. पाऊस रेंगाळल्यावर डावणी या बुरशीजन्य रोगाच्या भीतीने फवारणीचे वेळापत्रक कसे कोलमडते ते बागाइतदाराच्या शेजारी उभे राहून पाहावे. यंत्रकाम हवे असेल तर सातपूर-अंबडमधल्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये एकाच नगाचे माप शंभरदा घेऊन पाहावे. मायक्रोमीटरवरचा ०.०१ मिलिमीटरचा फरक शंभराव्या वेळीही महत्त्वाचा वाटला, तर ती खूण मोठी आहे. (अठराच्या आतल्या मुलाने चालू मशीनला हात लावू नये, बघणे आणि मापे घेणे पुरेसे आहे.) येवल्याच्या पैठणीची ओढ असणाऱ्याने मोराच्या नक्षीआधी ताण्याचे, म्हणजे उभे, धागे जोडायला बसावे. शिक्षक व्हायचे असेल तर चाळीस वह्या तपासाव्यात. तीस तासांनंतर एवढेच पाहायचे, की मधल्या दिवसांत कुणी न सांगता त्या कामाकडे आपण परत गेलो का, आणि त्याचा कंटाळवाणा भाग सोसवला का. शिकवणारा माणूस खेकसणारा निघाला म्हणून काम नावडते ठरवू नये. जागा बदलून आणखी सहा तास द्यावेत.

याचे सर्वात चांगले उदाहरण आपल्या जिल्ह्यातलेच आहे. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मले. चित्रकला, छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यातली नोकरी, छापखाना, जादूचे प्रयोग, असे करत करत चाळिशीला आल्यावर त्यांना चलच्चित्राने झपाटले. भांडवल देणाऱ्यांना खात्री पटावी म्हणून त्यांनी आधी काय केले? वाटाण्याचे रोप कसे वाढते, याचे छोटेसे चित्रण केले. पूर्ण लांबीचा मूकपट १९१३ मध्ये आला. 'धरसोड' म्हणून ज्याला नावे ठेवली जातात, ती सगळी कौशल्ये तिथे कामी आली. मुलगा एक क्लास सोडून दुसरा धरतो म्हणून चिडणाऱ्या पालकांनी एवढेच विचारावे: सोडताना त्याच्या हातात काय राहिले?

स्पर्धा परीक्षांबद्दल मात्र कडक बोलले पाहिजे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला खुल्या गटात ३२ वर्षांपर्यंत ६ प्रयत्न मिळतात. ती आयोगाने घातलेली मर्यादा आहे, आपण सगळी वापरलीच पाहिजे असे नाही. पहिल्याच दिवशी, डोके शांत असताना, किती प्रयत्न करायचे आणि कोणत्या तारखेला थांबायचे, हे लिहून घरच्या एका माणसाच्या सहीने ठेवावे. चौथ्या अपयशानंतर ही तारीख ठरवता येत नाही. तोवर गेलेली वर्षेच पुढे ढकलत असतात.

संसार असलेल्यांनी आवडीच्या कामासाठी राजीनाम्याची घाई करू नये. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत आठवड्याला पाच तास त्या कामाला द्यावेत. पोटाचे काम आणि मनाचे काम वेगळे असण्यात कमीपणा काहीच नाही. शिक्षण अर्धवट सुटलेल्यांसाठी १९८९ पासून आपल्याच शहरात यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर त्याला ध्येय नसणे समजू नये. ते नैराश्य असू शकते. अशा वेळी वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे, किंवा 'टेली मानस' या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे. तिथे मराठीतही बोलता येते.

शाळांकडे आमची मागणी लहान आहे. नववीच्या प्रत्येक मुलाला वर्षातले तीन शनिवार वर्गाबाहेर, चालू कामाच्या ठिकाणी द्यावेत. कारखानदार, बागाइतदार, दवाखाने आणि छापखान्यांनी महिन्यातून एक सकाळ आणि चार मुले, एवढी जबाबदारी घ्यावी. १८४० पासून वाचकांची सोय पाहणाऱ्या आपल्या सार्वजनिक वाचनालयासारख्या ठिकाणी एक फळा लावता येईल: या महिन्यात कुठे, कोणते काम, कोण दाखवणार. त्या फळ्याची नोंद ठेवायला आम्ही आठवड्यातून दोन दुपारी येऊन बसू.

आपले,
व्यवसाय मार्गदर्शन करणारे काही निवृत्त शिक्षक
नाशिक