पाण्यात न विरघळणाऱ्या रंगांसाठी गाळही तपासा

संपादक महोदय, स.न.वि.वि.

पंचगंगेत मासे मेल्याची बातमी आली की पाण्याचे नमुने घेतले जातात. मासे बहुधा ऑक्सिजन संपल्याने मरतात, त्याचं सगळं खापर रंगावर फोडणं बरोबर नाही. पण रंगाची तपासणी जशी होते तीही पुरेशी नाही, हे इचलकरंजीत डाइंग मास्तर म्हणून नोकरी केल्यामुळे मी सांगू शकतो.

पॉलिस्टरचा डिस्पर्स रंग पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. 130 अंशाला, दाबाखाली, तो धाग्यात शिरतो. तोवर कण तरंगते राहावेत म्हणून पुडीतच डिस्पर्सिंग एजंट घातलेला असतो, बऱ्याचदा मूळ रंगाइतका. कॉटनचा रिॲक्टिव्ह रंग पाण्यात विरघळतो, म्हणून ओढ्यात दिसतो, लोक आरडाओरड करतात. डिस्पर्सचे कण गाळात जाऊन बसतात.

आपल्या नियमांप्रमाणे सांडपाण्यात 96 तासांनी 90 टक्के मासे जिवंत राहिले की माशांच्या चाचणीत पाणी पास. रंगासोबतच्या कागदावरही 'लिटरला 100 मिलिग्रॅमपर्यंत माशांना अपाय नाही' असं लिहून येई आणि मी तो निर्धास्तपणे फाइलला लावी. त्या शंभरातला विरघळला किती, हे मी कधी विचारलं नाही. काही रंगांचा एक मिलिग्रॅमही विरघळत नाही. बाकीचा टाकीच्या तळाशी पडतो आणि मासा वरच्या पाण्यात पोहत राहतो. उलटही होतं. चाचणीत वापरल्या जाणाऱ्या पाणपिसवांना (पाण्यातल्या बारीक जिवांना) कण चिकटतात आणि त्यांची हालचाल थांबते, गडद पाण्यात उजेड न मिळाल्याने शेवाळ वाढत नाही. अशा वेळी रंग विषारी नसला तरी तसा नोंदला जातो. कधी दोष डिस्पर्सिंग एजंटचाही असतो.

ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने चाचणीला अशा अवघड पदार्थांसाठी 2000 साली मार्गदर्शिका काढली, 2019 मध्ये ती सुधारली. टाकलेल्या रंगाच्या आकड्यावर विसंबू नका, न विरघळलेला भाग वेगळा काढा आणि पाण्यात खरोखर किती उतरला ते मोजा, असं ती सांगते. गाळात राहणाऱ्या अळ्यांवर 28 दिवसांपर्यंत चालणारी चाचणीही ओईसीडीने ठरवून दिली आहे.

गाळाची मला जास्त काळजी वाटते. रिडक्शन क्लिअरिंग करताना, म्हणजे कापडावर वरवर राहिलेला रंग काढताना, कॉस्टिक आणि हायड्रोस ही रसायनं टाकली की ॲझो प्रकारच्या रंगातला रंग देणारा बंध तुटतो आणि पाणी फिकं पडतं. फिकं पाणी म्हणजे स्वच्छ पाणी, असं आम्ही समजायचो. ऑक्सिजन नसलेल्या गाळात जिवाणू हेच काम सावकाश करतात आणि मागे ॲरोमॅटिक अमाइन्स, म्हणजे रंग तुटून झालेली रसायनं, उरतात. त्यातल्या काहींनी कॅन्सर होतो, म्हणून तर ठरावीक ॲझो रंगांवर आपल्याकडे 1997 मध्ये बंदी आली. बाकीच्या रंगांचं गाळात काय होतं, तेही पाहायला हवं.

इचलकरंजीचं सांडपाणी नेणारा काळा ओढा नदीला मिळतो तिथून नृसिंहवाडीच्या संगमापर्यंत गाळाचे नमुने उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर घ्यावेत, त्यातली अमाइन्स मोजावीत, अळ्यांवर चाचणी करावी आणि आकडे नदीकाठच्या ग्रामपंचायतींत लावावेत, ही प्रदूषण नियंत्रण मंडळाला विनंती.

– एक निवृत्त डाइंग मास्तर, इचलकरंजी