पगाराची चिठ्ठी वाचता आली, आता विचारता यायला हवे

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

साक्षरता चाचणीच्या दिवशी शाळेच्या बाकावर बसून पेपर लिहिणाऱ्या आजींची छायाचित्रे आपल्या दैनिकात येतात, ती मी कापून वहीत चिकटवते. गेली तीन वर्षे मी स्वतः अशा वर्गाला शिकवते. राष्ट्रीयीकृत बँकेत 34 वर्षे नोकरी करून निवृत्त झाले, त्यातली बहुतेक वर्षे कॅश काउंटरवर गेली. त्या काळात खातेदार बायकांच्या किती स्लिपा भरून दिल्या असतील याची गणती नाही. मागे रांग असायची, भरून देणे सोपे होते. एकीलाही "बसा, तुम्हालाच लिहायला शिकवते" असे म्हटले नाही, ही खंत मला या वर्गाकडे घेऊन आली. तिथे रोज जे दिसते ते आपल्या वाचकांपुढे मांडावेसे वाटले.

वर्ग नाशिकला, सातपूरच्या कामगार वस्तीतल्या समाजमंदिरात भरतो. मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी सव्वासात ते साडेआठ. ठेकेदारामार्फत कंपनीत हाऊसकीपिंगला जाणाऱ्या, पॅकिंग करणाऱ्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाया आणि तीन-चार सिक्युरिटी गार्ड असे आमचे विद्यार्थी. पहिल्या पाळीच्या बाया कुकर लावून येतात. दुसरी पाळी लागली की तो आठवडा त्यांचा बुडतो.

केंद्र सरकारचा नवभारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजे 'उल्लास', 2022 ते 2027 या काळासाठी आहे. पंधरा वर्षांपुढच्या निरक्षरांना स्वयंसेवकांनी शिकवायचे, ही त्याची रीत मला मनापासून पटते. चाचणी 150 गुणांची असते: वाचन 50, लेखन 50, संख्याज्ञान 50. कार्यक्रमाच्या आराखड्यात आर्थिक साक्षरता आणि डिजिटल साक्षरता ही जीवनकौशल्ये म्हणून, आणि त्याशिवाय व्यवसाय कौशल्येही लिहिलेली आहेत. पण चाचणी होते ती अक्षरांची आणि अंकांची. ती उत्तीर्ण झाली की प्रमाणपत्र मिळते, फोटो निघतो आणि बहुतेक ठिकाणी वर्गही तिथेच संपतो. माझ्या मते खरा वर्ग त्याच दिवशी सुरू व्हायला हवा.

असे का म्हणते ते एका चिठ्ठीवरून सांगते. आमच्यातली एक बाई, वय 41, एका कंपनीत ठेकेदारामार्फत साफसफाईच्या कामावर आहे. पगाराची चिठ्ठी तिच्या व्हॉट्सअ‍ॅपवर यायची. आठ महिने तिने ती उघडलीच नव्हती, कारण ती इंग्रजीत. आम्ही तिला मराठी बाराखडी शिकवली, तिने पेपरही छान सोडवला, आणि ज्या एका कागदावर तिचे महिन्याचे कष्ट लिहिलेले असतात तोच तिला परका! मी तो फोटो मोठा करून फळ्यावर उतरवला. बेसिक 12,000. घरभाडे आणि इतर मिळून एकूण 13,500. मग कपात. पीएफ, म्हणजे भविष्य निर्वाह निधी, बेसिकच्या 12 टक्के, म्हणजे 1,440. ईएसआयसी, म्हणजे कामगारांच्या औषधोपचाराचा विमा, एकूण पगाराच्या पाऊण टक्का, 102. आणि तिसरी ओळ, पीटी 200. हातात 11,758.

गणित त्यांनीच केले. पीएफचे 1,440 तर मालकालाही तेवढेच भरावे लागतात आणि त्यातला मोठा भाग पेन्शनकडे जातो, हे कळल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे ते गेलेले पैसे नाहीत मॅडम, ठेवलेले आहेत." या वाक्याने माझा दिवस सार्थकी लागला. मग पीटीकडे आलो. पीटी म्हणजे व्यवसाय कर. एप्रिल 2023 पासून महाराष्ट्रात महिना 25,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रीला हा कर नाही. वर्गात क्षणभर शांतता. महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाचे 2,500 रुपये. त्या बाईच्या घरी एवढ्यात दोन्ही मुलांच्या वह्या, दप्तरे आणि गणवेश येतात, हे तिनेच हिशेब करून सांगितले.

मला वाटले, झाले, आता ती जाऊन विचारेल. पुढच्या मंगळवारी विचारले तर ती गप्प. त्या शुक्रवारीही गप्प. शेवटी म्हणाली, "मॅडम, कळलं सगळं. पण साहेबापुढे तोंडच उघडत नाही. उद्या कामावर येऊ नको म्हटलं तर?"

तेव्हा मला समजले की मी अर्धाच धडा शिकवला होता. पैशाचे ज्ञान आणि कामाच्या ठिकाणचे बोलणे ही दोन वेगळी पुस्तके नाहीत. विचारता आले नाही तर कळलेल्याचा काही उपयोग होत नाही. आणि काय विचारायचे ते नीट ठाऊक नसेल तर नुसत्या धीटपणाने भांडणच होते.

मग आम्ही वर्गात सराव सुरू केला. मी सुपरवायझर झाले, टेबलावर मोबाईल घेऊन बसले. पहिल्या खेपेला ती दारातच अडखळली, "साहेब, माफ करा, वेळ असंल तर..." आणि पुढे शब्दच नाही. दुसऱ्या खेपेला एकदम चढ्या आवाजात, "आमचे पैसे का कापता हो?" शेजारची म्हणाली, "पदराला हात पुसू नकोस, तू काही चोरी केली नाहीस." तिसऱ्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून चार वाक्ये ठरवली. "साहेब, पगाराच्या चिठ्ठीत 200 रुपये पीटी कापलाय. बाईचा पगार पंचवीस हजारांच्या आत असेल तर तो लागत नाही. ऑफिसात विचारून सांगाल का? मी सोमवारी परत विचारायला येते." यातले शेवटचे वाक्य मी सगळ्यांकडून दहादा म्हणवून घेतले. वार सांगितला की समोरच्याला उत्तर द्यावे लागते, आणि आपल्यालाही परत जायचे बळ येते.

ती गेली. सुपरवायझरने "ते ऑफिसचं काम आहे" म्हणून टोलवले. ती सोमवारी पुन्हा गेली, त्याच्या पुढच्या सोमवारीही गेली. त्या महिन्याच्या चिठ्ठीत पीटीपुढे शून्य होते. कामावरून कुणी काढले नाही. तिच्यामागून त्याच ठेकेदाराकडच्या आणखी पाच बायांनी आपापल्या चिठ्ठ्या उघडल्या.

सॉफ्ट स्किल्स या नावाखाली हल्ली जे शिकवतात ते मी पाहिले आहे. बहुतेक सगळे कॉलेजातल्या मुलांसाठी असते: हस्तांदोलन कसे करावे, इंग्रजीत स्वतःची ओळख कशी करून द्यावी. पंधरा वर्षे फरशी पुसून सहा माणसांचे घर चालवणाऱ्या बाईला "आत्मविश्वासाने हसा" हे सांगायला मला लाज वाटेल. तिला हवे असते ते वेगळे. खाडा पडणार असेल तर आदल्या दिवशी कुणाला आणि कोणत्या शब्दांत कळवायचे. ओव्हरटाइमचे तास स्वतःच्या वहीत कसे लिहून ठेवायचे, म्हणजे महिनाअखेर वाद झाला तर हातात काही असेल. चूक झाली तर रडत किंवा लपवत न बसता ती सांगायची कशी. आणि नाही म्हणणे, हे सर्वांत अवघड. आमच्या एका गार्डदादांनी साडूच्या कर्जाला जामीन राहताना कागद वाचलाच नाही, "नातं आहे, नाही कसं म्हणू?" म्हणून. साडूचे हप्ते थकले आणि बँकेची नोटीस यांच्या घरी आली. आता "मला आधी कागद घरी नेऊन वाचू द्या" हे वाक्यही आम्ही सरावात घेतले आहे.

याच दादांची दुसरी गोष्ट जास्त वाईट आहे. नऊ वर्षांत चार ठेकेदार बदलले. प्रत्येक वेळी पीएफ काढून घेतला, सोबत पेन्शनचाही पैसा. पीएफच्या पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, एकच ठेवून खाते नव्या नोकरीत वळते केले असते तर पुढच्या वर्षी ती पुरी झाली असती. आज त्यांच्या नावावर उरली दोनच वर्षे, आणि वय 52. नोकरी बदलताना दहा मिनिटे कुणी नीट समजावले असते तर हे टळले असते.

"बचत करा, खर्च कमी करा" असे भाषण मी वर्गात पहिल्याच महिन्यात केले होते. एक बाई उठून म्हणाली, "मॅडम, वाचवायचं कशातून?" तेव्हापासून ते भाषण बंद केले. आमच्या बाया बचत करतातच. बारा जणींची हजाराची भिशी त्या एक पैसा इकडेतिकडे न होऊ देता चालवतात. त्यांना अडवणारी गोष्ट निराळी आहे. "बँक बारा टक्के घेते, आमचा माणूस तीनच टक्के घेतो," असे एकीने मला सांगितले. वस्तीत टक्का म्हणजे महिन्याचा, बँकेत वर्षाचा. दहा हजारांवर बँकेचे वर्षाचे व्याज जास्तीत जास्त 1,200 आणि त्या माणसाचे 3,600, हे फळ्यावर मांडले तेव्हा ती बराच वेळ नुसती बघत राहिली. चार वर्षे ती तेच व्याज भरत होती.

पासबुकाचाही असाच एक तास घेतो. मे महिन्याच्या पानावर 20 रुपये आणि 436 रुपये वजा झालेले दिसतात. बहुतेकींना वाटते बँकेने उगीच कापले. ते पंतप्रधान सुरक्षा विमा आणि जीवन ज्योती विमा या सरकारी योजनांचे वर्षाचे हप्ते आहेत, प्रत्येकी दोन लाखांचे संरक्षण, पहिल्यात अपघाताचे आणि दुसऱ्यात कोणत्याही कारणाने आलेल्या मृत्यूचे. घरच्यांना ते ठाऊकच नसेल तर मागायला जाणार कोण? म्हणून आता ते पान प्रत्येकीने मुलांना दाखवून यायचे, हाच गृहपाठ.

बँका आणि रिझर्व्ह बँक काही करत नाहीत असे मी म्हणणार नाही, माझेच क्षेत्र आहे ते. पण 2025 चा आर्थिक साक्षरता सप्ताह 24 ते 28 फेब्रुवारी, सोमवार ते शुक्रवार होता, आणि विषय होता महिलांची समृद्धी. आमच्या भागातले शिबिर सकाळी अकराला झाले. त्या वेळी माझ्या वर्गातल्या सगळ्या कामावर होत्या. एका दिवसाचा खाडा म्हणजे साडेचारशे रुपये. इतके मोजून कोण येईल शिबिराला?

आपल्या दैनिकामार्फत माझी मागणी आहे ती अशी. महापालिकेच्या शाळांच्या एक-दोन खोल्या संध्याकाळी साडेआठपर्यंत अशा वर्गांना मिळाव्यात. समाजमंदिरात लग्नसराईत आम्हाला बाहेर ओट्यावर बसावे लागते, तिथे फळा दिसत नाही. बँकांनी शिबिरे संध्याकाळी सातनंतर घ्यावीत आणि येणाऱ्याने स्वतःचे पासबुक, स्वतःची पगाराची चिठ्ठी आणावी असे सांगावे, नमुन्याचे पत्रक नको. ठेकेदारांनी पगाराची चिठ्ठी मराठीत द्यावी. आणि निवृत्त बँक कर्मचारी, वकील, कामगार कार्यालयातून निवृत्त झालेले जे वाचक हे वाचत असतील त्यांनी आपल्या जवळच्या साक्षरता वर्गाला आठवड्यातले दोन तास द्यावेत. आमच्याकडे वह्या आहेत, शिकणाऱ्या आहेत, सांगणारी माणसे कमी पडतात.

त्या बाईचे आधीच्या आठ महिन्यांचे पीटीचे पैसे अजून मिळालेले नाहीत. परवा वर्गात तिने ठेकेदाराच्या ऑफिसला अर्ज लिहिला. सात ओळी, तिच्या अक्षरात. 'विनंती'तली पहिली वेलांटी दीर्घ झाली होती, ती तिनेच खोडून ऱ्हस्व केली. खाली सही केली, तारीख घातली, एक झेरॉक्स स्वतःकडे ठेवायची हे मी न सांगताच म्हणाली. सोमवारी ती अर्ज देऊन पोच घेणार आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
सिडको, नाशिक